‘कारणे दाखवा’ नोटीस आली? घाईत माफीनामा लिहून देण्याआधी हे वाचा

‘खुलासा 24 तासांत सादर करावा, अन्यथा आपले काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरून एकतर्फी कार्यवाही करण्यात येईल.’ हिंगोली जिल्ह्यातल्या तलाठी, ग्रामसेवक, शिक्षकांना ही ओळ जवळपास पाठ असते. कागद हातात पडण्याआधी त्याचा फोटो ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो आणि मग बरेच जण घाबरून दोन ओळी लिहून मोकळे होतात: ‘चूक झाली, माफी असावी, यापुढे असे होणार नाही.’ विषय मिटला असं वाटतं. पण ही दोन ओळींची कबुली फाईलला लागते आणि पुढे चौकशी झालीच तर पहिली तीच काढली जाते.

नोटीस म्हणजे शिक्षा नाही

कारणे दाखवा नोटीस म्हणजे कारवाईचा प्रस्ताव. ‘तुमच्यावर अमुक आरोप आहे, त्यासाठी तमुक कारवाई का करू नये, ते सांगा’ एवढाच त्याचा अर्थ. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निर्णय घ्यायचा नाही, या नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वातून ती आली आहे. ‘नोटीस बजावली’ अशी बातमी आली की गावात माणूस दोषी ठरून जातो. अशा बातम्या देणाऱ्या आम्हा मंडळींचाही त्यात हात आहे, हे मान्य करायला हवं.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम 1979 लागू आहेत. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी 1964 चे वेगळे नियम आहेत. 1979 च्या नियमांत ठपका ठेवणं, वेतनवाढ रोखणं यांसारख्या किरकोळ शिक्षेसाठीही (नियम 10) आरोप लेखी कळवून म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. बडतर्फीसारख्या मोठ्या शिक्षेला (नियम 8) दोषारोपपत्र आणि रीतसर विभागीय चौकशी लागते. म्हणजे फक्त खुलासा ‘असमाधानकारक’ ठरवून कायम कर्मचाऱ्याला थेट घरी पाठवता येत नाही. त्याला मोजके अपवाद आहेत, उदाहरणार्थ फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झालेली असणं.

24 तास पुरेसे असतात का?

मुदत वाजवी असावी लागते. याचं सगळ्यांना आठवणारं उदाहरण 2022 चं आहे. विधानसभा उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी 25 जूनला शिवसेनेच्या 16 आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा काढल्या आणि 27 जूनच्या संध्याकाळी साडेपाचपर्यंत उत्तर मागितलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने 27 जूनलाच ही मुदत 12 जुलैपर्यंत वाढवून दिली. पुढचं राजकारण बाजूला ठेवा. 48 तासांचा मुद्दा आमदार मांडू शकतात, तर सेनगावचा ग्रामसेवकही मांडू शकतो. फक्त तो मुदत संपण्याआधी आणि लेखी मांडायला हवा. ‘संबंधित कागदपत्रे मिळाल्यापासून सात दिवसांची मुदत मिळावी’ असं पत्र आवक विभागात द्या आणि पोच घ्या. साहेबांना फोनवर सांगितलं होतं, याला पुरावा नसतो.

नोटीस काढणाऱ्यांनीही वाचावं

नोटीस साहेबांच्या नावाने निघते, पण मसुदा बहुतेकदा टेबलावरचा लिपिक जुनी फाईल कॉपी करून तयार करतो. तिथेच गफलत होते. ‘कामात हयगय केली’ एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या तारखेला, कोणतं काम, कोणत्या आदेशाचा भंग, पुरावा काय, हे सगळं आत हवं. गोरखा सिक्युरिटी सर्व्हिसेस खटल्यात (2014) ठेकेदाराला काळ्या यादीत टाकण्याचा प्रश्न होता. प्रस्तावित कारवाई नोटिशीतून कळलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात बजावलं. त्याआधी 2010 च्या ओरिक्स फिशरीज प्रकरणात नोटिशीतच ‘तुम्ही दोषी आहात’ असा निष्कर्ष काढल्याने कारवाई टिकली नाही. ‘आपण अपहार केला आहे’ आणि ‘आपण अपहार केल्याचे प्रथमदर्शनी दिसते’ या दोन वाक्यांतला फरक पुढे फार महागात पडू शकतो.

उत्तर कसं लिहायचं?

नोटिशीचा जावक क्रमांक आणि तारीख वर घाला. मग प्रत्येक मुद्द्याला त्याच क्रमाने उत्तर द्या. खरं असेल तेवढं मान्य करा, बाकीचं स्पष्ट शब्दांत नाकारा. एखादा मुद्दा तसाच सोडला तर तो मान्य असल्याचं धरलं जाऊ शकतं. तपासणी अहवाल, पंचनामा जोडलेला नसेल तर त्याची प्रत मागा. शेवटी समक्ष सुनावणीची मागणी करा. साहेबांचा आकस, गावातलं राजकारण वगैरे पुरावा नसेल तर लिहूच नका.

आणि नोटीस आली म्हणून लगेच छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे धाव घेऊन सहसा उपयोग नसतो. नोटिशीने अजून कोणताही हक्क गेलेला नसतो, त्यामुळे या टप्प्यावर न्यायालयं सहसा हस्तक्षेप करत नाहीत. अधिकार नसलेल्याने नोटीस काढली किंवा निर्णय आधीच ठरलेला दिसत असला, तर गोष्ट वेगळी.

दुकानदारांसाठी

कृषी सेवा केंद्रांना ऐन खरिपात नोटीस येते आणि काही वेळा खत विक्री परवाना थेट निलंबितही होतो. खत नियंत्रण आदेश 1985 च्या खंड 31 नुसार नोटिशीविना असं निलंबन करता येतं. पण मग त्याची कारणं लगेच कळवावी लागतात आणि म्हणणं ऐकून 15 दिवसांत अंतिम आदेश काढावा लागतो. तसा आदेश निघाला नाही, तर निलंबन आपोआप उठलं असं मानलं जातं. वसमतच्या हळद व्यापाऱ्यांपासून किराणा दुकानदारांपर्यंत जीएसटी भरणाऱ्या सगळ्यांनी आपलं पोर्टल स्वतः उघडून पाहायची सवय लावावी. नोंदणी रद्द करण्याची नोटीस (आरईजी-17) पोर्टलवर पडते आणि उत्तरासाठी कामाचे सातच दिवस मिळतात. विवरणपत्रं न भरल्यामुळे ती आली असेल, तर थकलेली सगळी विवरणपत्रं कर, व्याज आणि विलंब शुल्कासह भरल्यावर कारवाई थांबवली जाते.