खोडवा खोटा नसतो



आपल्याकडं एक म्हण आहे, ‘साठी बुद्धी नाठी’. माणूस साठीला आला की त्याची बुद्धी पळाली, असा तिचा अर्थ. ही म्हण कुणी केली ते ठाऊक नाही, पण करणारा साठीच्या आतला असणार एवढं नक्की! गेल्या पावसाळ्यात मला ७४ वर्षं पुरी झाली. त्यातले चाळीसहून जास्त हंगाम कारखान्याला ऊस घालण्यात गेले. तेवढ्या अनुभवावर चार शब्द लिहितो. विषय माणसाच्या म्हातारपणाचा आहे, पण सुरुवात उसापासून करतो, कारण आपल्याला ती भाषा लवकर कळते.

लागणीचा ऊस तुटून गेला की त्याच बुडख्यांतून खोडवा फुटतो. त्याला नांगरट नको, बेणं नको, आणि तो लागणीच्या उसापेक्षा महिना-दीड महिना आधी पक्व होतो. तरी आपल्या बऱ्याच शेतांत खोडव्याचा टनेज कमी पडतो. आपण म्हणतो, “खोडवाच तो, किती पडायचा?” पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट कित्येक वर्षं सांगत आली आहेत की बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट जाळू नका, सरीत आच्छादन करा, नांग्या भरा, खत पहारीनं मुळाजवळ द्या. ज्यांनी हे ऐकलं त्यांचा खोडवा लागणीच्या बरोबरीला जाऊन भिडतो. बाकीचे आधीच ठरवतात की तो पडणार नाही. म्हणून पाणी मागनं, खत उरलंसुरलं. मग तो खरंच पडत नाही, आणि आपण म्हणतो, “बघा, म्हटलं नव्हतं?”

म्हाताऱ्या माणसाचं नेमकं असंच होतं. त्याला आता कळत नाही असं घर ठरवतं. म्हणून त्याला काही सांगत नाहीत. सांगत नाहीत म्हणून त्याला खरंच काही कळेनासं होतं.

या वागण्याला इंग्रजीत ‘एजिझम’ असं नाव आहे. आपण त्याला वयभेद म्हणू. डॉ. रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं १९६९ साली तो शब्द काढला. वॉशिंग्टनजवळच्या एका चांगल्या वस्तीत गरीब वृद्धांसाठी एक इमारत घ्यायचं चाललं होतं आणि आजूबाजूचे रहिवासी त्याला विरोध करत होते. जातीवरून, रंगावरून माणसाला बाजूला सारतात तसंच हे वयावरून सारणं आहे, असं त्यांनी सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली या विषयावर मोठा अहवाल काढला. जगातल्या दर दोन माणसांपैकी एकाच्या मनात हा वयभेद असतो, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे हे दुखणं फक्त आपल्या गावचं नाही.

आपल्याकडं कुणी म्हाताऱ्याला दारातून हाकलत नाही. आपल्याकडं वयभेद मायेच्या बोलीत येतो. “आबा, तुम्ही बसा.” “आबा, तुम्हाला काय करायचंय त्यात?” “तुम्ही आता देव-देव करा.” बोलणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण दहा वर्षं असं ऐकलं की माणूस ओसरीवरच्या पोत्यासारखा होतो.

मध्यंतरी एका कचेरीत कागदासाठी गेलो होतो. सोबत नातू होता. खिडकीतल्या साहेबांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. नातवाला विचारलं, “आजोबांना सही येते का?” कागद माझा, जमीन माझी, आणि मी त्यांच्यापुढं दोन हातांवर उभा! मग यंत्रावर अंगठा लावला तर तो उमटेना. कोयता, खुरपं धरून बोटांच्या रेषा झिजल्या, त्याला मी काय करू? तीनदा लावला, तिन्ही वेळा नाही. शेवटी साहेब नातवालाच म्हणाले, “वय झालं की असंच.” अहो, वय नव्हे, काम झालं की असंच!

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वय अंगावर येतंच. गुडघे बोलतात, कानाला कमी येतं, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो. पाठीवर पंप घेऊन फवारणी मला आता झेपत नाही, आणि झेपते असं दाखवण्यात काही शहाणपण नाही. पण पंप झेपत नाही म्हणून कोणतं औषध कधी मारायचं हेही कळत नाही, असं कसं होईल? अंगाची ताकद वेगळी आणि माणसाची किंमत वेगळी.

सगळ्यात घातक वयभेद आपण म्हातारे स्वतःच स्वतःवर करतो. पारावर बसलं की एकच पालुपद, “आता काय राहिलंय आपलं?” याचा परिणाम आयुष्यावर होतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका गावात पन्नाशी ओलांडलेल्या ६६० माणसांना आधी विचारून ठेवलं होतं की म्हातारपणाबद्दल तुम्हाला काय वाटतं. पुढं वीसहून जास्त वर्षांचा हिशेब पाहून डॉ. बेका लेव्ही यांनी २००२ साली निष्कर्ष छापला. ज्यांना म्हातारपणाबद्दल चांगलं वाटत होतं ती माणसं बाकीच्यांपेक्षा सुमारे ७.५ वर्षं जास्त जगली होती. प्रकृती, पैसा वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही फरक राहिला. पारावरचं पालुपद एवढं महाग पडतं.

म्हाताऱ्याजवळ काय असतं? आमच्या शिवारात एका सभासदाचं रान चोपण व्हायला लागलं. पाणी जिरेना, उसाची पानं पिवळी पडली. माती तपासली, औषधं आणली, पैसा गेला. शेवटी भावकीतल्या ऐंशीच्या घरातल्या एका म्हातारीनं सांगितलं की या बांधाकडंनं पूर्वी ओढ्याला जाणारा चर होता, सपाटीकरणात तो बुजवला. चर उकरला. दोन पावसाळ्यांत रान सुधारायला लागलं. ती म्हातारी रोज त्याच बांधावरून जायची. तिला आधी कुणी विचारलंच नव्हतं.

तसंच उलटंही आहे. आपण म्हातारे पोरांना सरसकट म्हणतो, “कालचं पोरगं, त्याला काय कळतंय?” हाही वयभेदच! पाट भरून पाणी देऊन आपल्याच पिढीनं जमिनी खारवल्या. ठिबकचं गणित पोरं आपल्यापेक्षा चांगलं जाणतात. शेतकी खात्याचा माणूस तोडीआधी लागणीची तारीख बघतो, पण तेवढ्यावर भागवत नाही. रिफ्रॅक्टोमीटर लावून ब्रिक्स बघतो. माणसाचीही नुसती जन्मतारीख बघू नये, मग तो पंचविशीचा असो की पंचाहत्तरीचा.

आता थोडं व्यवहाराचं, कारण नुसत्या बोलण्यानं पोट भरत नाही.

पहिली गोष्ट मताची. १९६०च्या सहकार कायद्याप्रमाणं एका सभासदाला एकच मत, आणि ते स्वतः हजर राहून द्यायचं, दुसऱ्यामार्फत नाही. त्याला वयाची वरची मर्यादा नाही. पाच एकरवाला असो की पन्नास एकरवाला, चाळिशीचा असो की नव्वदीचा, मत एकच. तेव्हा “आबा, तुम्ही कशाला त्रास घेता” म्हटलं तरी सभेला आणि मतदानाला जा.

दुसरी गोष्ट, नामनिर्देशन जरूर करा. शेअरला वारस लावणं म्हणजे सभासदत्व सोडणं नव्हे. ते आपल्या माघारी लागू होतं. तोवर सही आपली आणि हक्कही आपला.

तिसरी गोष्ट जमिनीची. जिवंतपणी घाईनं बक्षीसपत्र करून मोकळं होऊ नका. मृत्युपत्र केलं तर हयातीत जमीन आपल्याच नावावर राहते आणि मत पालटलं तर ते बदलता येतं. बक्षीसपत्र करायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट दस्तात स्पष्ट लिहून घ्या. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. त्याच्या कलम २३ प्रमाणं, अशी अट असून सांभाळ केला नाही तर तो दस्त रद्द करून मागता येतो. महाराष्ट्रात त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडं अर्ज करावा लागतो. पोरांवर अविश्वास दाखवा असं माझं म्हणणं नाही. आपण बांध घालतो तो शेजारी चोर आहे म्हणून घालत नाही. बांध असला की भांडण होत नाही, म्हणून घालतो.

चौथी गोष्ट भगिनींसाठी. कित्येक घरांत शेअर बाईच्या नावावर असतो आणि तिला त्याचा कागदही दाखवलेला नसतो. त्यातून ती विधवा आणि वयस्कर असली तर तिचं मत कुणी विचारतच नाही. मावशी, आत्याबाई, तुमच्या नावाची उसाची नोंद, तोडीची चिठ्ठी आणि बिलाचा कागद मागून घ्या. वाचता येत नसेल तर नातीकडून वाचून घ्या. तिलाही कळेल की आजी सभासद आहे.

पाचवी गोष्ट मोबाईलची. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाईलवर आली. ही कामं नातवंडांकडून करून न घेता शिकून घ्या. दोनदा चुकेल, तिसऱ्यांदा जमेल.

संचालक मंडळालाही विनंती आहे. सभेची नोटीस आणि अहवाल मोठ्या टाइपात छापावा. मंडपात पुढच्या दोन रांगा वयस्कर सभासदांना ठेवाव्यात, म्हणजे ऐकू येईल. गट ऑफिसात बसायला एक बाक असावा. अंगठा उमटत नाही त्याच्यासाठी दुसरी सोय आधीच ठरवून ठेवावी. याला काही लाखांचा खर्च नाही.

घरोघरच्या तरुण मंडळींना एवढंच सांगणं आहे, की आज संध्याकाळी आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेतातला एक प्रश्न विचारा आणि उत्तर पुरं होईपर्यंत थांबा. आणि माझ्या वयाच्या मंडळींनो, पुढच्या सर्वसाधारण सभेत माईक मागून घ्या. जे बोलायचं ते चार मिनिटांत आटपा, म्हणजे मागं बसलेल्या पोरांनाही बोलायला वेळ मिळेल.

— एक ऊस उत्पादक सभासद