सिक्स्टी फाइव्हची हद्द

नांदेड आणि लातूर ही एकमेकांच्या शेजारची शहरं. मधलं अंतर दीडशे किलोमीटरच्या आत. दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, दोन्ही सप्टेंबर १९४८ मध्ये त्यातून मुक्त झाली, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आली आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. काळी जमीन तीच, लहरी पाऊस तोच, ज्वारी आणि तूरही तीच. तरी दिवेलागणीनंतर दोन्ही गावांतल्या हॉटेलांच्या पाट्या वाचत निघालात तर वेगळीच दोन गावं दिसू लागतात. नांदेडला दम बिर्याणीचा हंडा, वाटीत मिर्ची का सालन आणि शेजारच्या कढईत लालभडक चिकन सिक्स्टी फाइव्ह. लातूरला मटण-भाकरी, ढवारा मटण, तर्रीदार रस्सा आणि सकाळच्या गाड्यांवर मसाल्याचा, भाज्या घातलेला निलंगा राईस. बिर्याणी लातुरात मिळत नाही असं नाही आणि भाकरी नांदेडला परकी नाही. पण कल कुणीकडे आहे ते पाटीच्या पहिल्या ओळीत कळतं.

हा कल आला कुठून? इतिहास एक, माती एक, मग चव का फुटली? मला हे कोडं फार विलक्षण वाटतं, आणि त्याची गुरुकिल्ली मला काहीशी अमेरिकेच्या नकाशात सापडते.

अमेरिकेत तळलेल्या कोंबडीच्या कंपन्या शेकड्यांनी शाखा उघडतात. सगळीकडे जाहिराती त्याच, माल तोच. मग देशभर एकसारखा पसारा व्हायला हवा. तसा तो झालेला नाही. बोजँगल्स १९७७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला निघाली आणि आजही तिचा जीव आग्नेयेकडच्या राज्यांतच आहे. चर्चेस १९५२ मध्ये टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोला सुरू झाली, पोपाइज १९७२ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या उपनगरात, रेझिंग केन्स १९९६ मध्ये लुइझियानातल्याच बॅटन रूजला. आज तिथल्या कोंबडीच्या दुकानांत विक्रीने सर्वांत मोठी असलेली चिक-फिल-ए जॉर्जियाची, तिचं त्या नावाचं पहिलं दुकान १९६७ मध्ये अटलांटात उघडलं. नकाशावर या गावांभोवती खुणा करा, सगळ्या खुणा दक्षिणेत पडतात.

दक्षिणच का, याचं एक उत्तर स्वयंपाकघरात आहे. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी स्त्रियांच्या हातांनी हा पदार्थ तिथे रुजला. आणि एक उत्तर रेल्वेच्या फलाटावर आहे. व्हर्जिनियात गॉर्डन्सव्हिल नावाचं छोटं जंक्शन आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका डोक्यावर तळलेल्या कोंबडीची ताटं घेऊन गाडीच्या खिडक्यांपाशी उभ्या राहत. गाडीत खायची सोय नसायची, तळलेली कोंबडी प्रवासात टिकायची, आणि उतारू पुढच्या गावी जाऊन त्या चवीची गोष्ट सांगायचे. गुलामगिरी संपल्यावर त्यांच्यातल्या अनेकींनी याच धंद्यावर घरं उभी केली. एका पदार्थाची कीर्ती लोहमार्गाने गावोगाव गेली, तीही कुठल्याही कंपनीच्या कितीतरी आधी.

तिसरं उत्तर कोंबडीच्या खुराड्यात आहे. १९२३ मध्ये डेलावेअरमधल्या सेसील स्टील या बाईंनी अंड्यांसाठी ५० पिल्लं मागवली आणि चुकून आली ५००. त्यांनी ती परत न पाठवता वाढवून मांसासाठी विकली, आणि नफा पाहून पुढच्या खेपेला आणखी मागवली. अमेरिकेतल्या ब्रॉयलर धंद्याची सुरुवात या घटनेपासून धरतात. पुढे जॉर्जियातल्या गेन्सव्हिलला जेसी ज्युएल हा पशुखाद्याचा व्यापारी होता. कापसाला बोंडकिडा लागलेला, शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही, खाद्य खपेना. त्याने शेतकऱ्यांना पिल्लं आणि खाद्य उधार दिलं, आणि वाढलेल्या कोंबड्या स्वतःच परत घेतल्या. पिल्लू व्यापाऱ्याचं, खाद्य व्यापाऱ्याचं, शेड आणि कष्ट शेतकऱ्याचे: आज मराठवाड्यातला कुठलाही करारावरचा पोल्ट्रीवाला ही पद्धत ओळखेल. कापसाने सोडलेल्या त्या डोंगराळ भागात कोंबडी स्वस्त झाली, आणि कोंबडीची दुकानं तिच्याच अंगणात वाढली.

पण सगळ्यात गमतीचा भाग केंटकीचा आहे. कर्नल सँडर्स केंटकीतल्या कॉर्बिन गावी महामार्गावर हॉटेल चालवत. त्यांच्या पाककृतीचं पहिलं परवानाधारक दुकान मात्र केंटकीत नाही, तिथून अडीच हजार किलोमीटरच्या आसपास दूर असलेल्या युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत, १९५२ मध्ये सुरू झालं. पीट हार्मन या हॉटेलवाल्याच्या पाटीसाठी एका पाटी रंगवणाऱ्याने 'केंटकी फ्राइड चिकन' हे नाव सुचवलं. युटातल्या माणसाला केंटकी म्हणजे दूरची, पाहुणचाराची दक्षिण. केंटकीत त्या नावाची जादू कुणावर चालली असती? पुढे नवा महामार्ग कॉर्बिनला वळसा घालून गेला, सँडर्स यांचं गिऱ्हाईक आटलं, त्यांनी हॉटेल विकलं आणि पासष्टीच्या वयात पाककृतीचे परवाने विकत ते गावोगाव फिरू लागले. एका रस्त्याने वाट बदलली नसती तर आज जगभर दिसणारा तो पांढऱ्या दाढीचा चेहरा कदाचित कॉर्बिनच्या पलीकडे फारसा कुणाला ठाऊक झाला नसता.

रस्ता, रूळ आणि कोंबडीचं खाद्य. या तीन गोष्टी मनात धरून परत मराठवाड्यात येऊ.

नांदेड आलं ते निजामाच्या रेल्वेवर. १९०० च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग हैदराबादहून निघून निजामाबाद, नांदेड, परभणी, औरंगाबाद करत मनमाडला पोहोचला. नांदेडचा व्यापारी, वकील, विद्यार्थी आणि रुग्ण शंभर वर्षं त्या मार्गाने हैदराबादला जात राहिला. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू कानावर पडते, शहरात दखनी उर्दू. खालच्या बाजूने आलेली बिर्याणी इथे पाहुणी राहिलीच नाही.

लातूरकडे मात्र रूळ उलट्या बाजूने आले. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे, रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट, १८९७ मध्ये बार्शीला सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. ती कुर्डुवाडी-पंढरपूरकडून मिरजेला जाणारी. म्हणजे निजामाच्या राज्यातलं हे गाव चाकांवर मात्र इंग्रजी मुलखाशी बांधलं गेलं. इथली तूर-ज्वारी त्या छोट्या गाडीने सोलापूर, बार्शी, पुण्याच्या बाजारांकडे जाऊ लागली आणि मसाल्याचा वास परतीच्या गाडीने आला, असं मला वाटतं. लातूरहून हैदराबाद आणि पुणे रस्त्याने फारसं कमी-जास्त नाही, तरी लातूरकर 'पुण्याला' सहज जातो. अकरावी-बारावीनंतरचं शिक्षण, नोकरी, खोली सगळं त्याच दिशेला.

हे केवळ जुन्या काळाचं नाही. नांदेडचा रेल्वे विभाग २००३ मध्ये स्थापन झाला तो दक्षिण मध्य रेल्वेत, म्हणजे मुख्यालय सिकंदराबादला. लातूर स्टेशन मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात, म्हणजे मुख्यालय मुंबईला. लातूर शहरापासून तीस-एक किलोमीटरवरचं लातूर रोड स्टेशन पुन्हा सिकंदराबाद विभागात! तिथून रूळ उदगीर, बिदरकडे उतरतात. म्हणजे ही हद्द दोन जिल्ह्यांच्या मधे नाही, ती लातूर जिल्ह्याच्या पोटातून गेली आहे. उदगीरच्या जेवणात बिदर-हैदराबादची छाया का दिसते, हे ती रेघ पाहिली की लख्ख कळतं. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळात लातूरला पाणी नेणारी 'जलदूत' मिरजेहून निघाली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी, तीही कॅल्थ्रॉपच्या त्या जुन्या वाटेवरूनच, आता ब्रॉडगेज झालेल्या. लातूरचं तोंड कुणीकडे आहे, हे तहानेच्या दिवसांतही त्या वाटेने दाखवून दिलं.

आता सिक्स्टी फाइव्हकडे. आपली खरी तळलेली कोंबडी तीच. तिच्या जन्माचं श्रेय मद्रासच्या बुहारी हॉटेलकडे आणि १९६५ सालाकडे दिलं जातं. तिथून ती आंध्र-हैदराबादला आली, कढीपत्ता, हिरवी मिरची आणि दह्याची फोडणी घेऊन स्थिर झाली, बिर्याणीच्या वर जाऊन बसली आणि गोदावरीच्या बाजूने नांदेडपर्यंत चढली. पण एक फरक मनात ठसतो. केंटकीचं नाव वापरायला परवाना लागतो, कंपनी प्रत्येक दुकान मोजते. सिक्स्टी फाइव्हला मालक नाही. निलंगा राईसलाही नाही. निलंग्याचा कुणी गाडेवाला लातुरातल्या, पुण्यातल्या पाटीवाल्याकडे रॉयल्टी मागायला जात नाही. अशी चव माणसाच्या मागे चालते: कुणाचा आचारी दुसऱ्या गावी गेला, कुणाचा भाचा कॉलेजला गेला आणि खोलीखाली गाडा लावला. कंपन्यांच्या नकाशात शाखा असतात, आपल्या नकाशात नातेवाईक. म्हणून तो नकाशा कुणी काढला नाही, आणि माझ्या मते तो काढायलाच हवा. पाट्या मोजाव्या लागतील, आचाऱ्यांना त्यांचं मूळ गाव विचारावं लागेल, एवढंच. मराठवाड्यातल्या कुठल्याही कॉलेजचे भूगोलाचे विद्यार्थी हे एका सुट्टीत करू शकतील.

चवीच्या बाबतीत लातूर हैदराबादकडे पाठ करून बसलं असलं तरी कोंबडीच्या बाबतीत तसं अजिबात नाही, आणि मला या सगळ्यात हेच सर्वांत थक्क करतं. लातूरची बाजारपेठ सोयाबीनची. इथल्या सौद्याकडे देशभरातले व्यापारी डोळा लावून असतात. सोयाबीन गाळलं की शंभर किलोत तेल निघतं अठरा किलोच्या आसपास, बाकी ऐंशीच्या वर पेंड, बाजारातली भाषा म्हणजे डीओसी. त्या पेंडीत ४५ टक्क्यांच्या पुढे प्रथिनं. ब्रॉयलरच्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका आणि पाव ते तीस टक्के ही पेंड. आजची ब्रॉयलर साधारण चाळीस दिवसांत दोन किलोच्या वर जाते आणि तेवढ्यात सव्वातीन किलोच्या आसपास खाद्य खाते. हिशोब मांडा: एका क्विंटल सोयाबीनमधून ऐंशी ते शंभर कोंबड्यांच्या खाद्याला पुरेल एवढी पेंड निघते. लातूरच्या शेतकऱ्याने आडतीवर टाकलेला एक कट्टा कुठल्या तरी शेडमध्ये मांस होतो, आणि ते मांस नांदेडच्या कढईत, हैदराबादच्या हंड्यात किंवा एखाद्या विदेशी कंपनीच्या डब्यात कधी पडतं हे त्या शेतकऱ्याला कुणी सांगत नाही. जे ताट तो स्वतः क्वचितच मागवतो, त्यातला मोठा वाटा त्याच्या रानातला असू शकतो.

ही साखळी किती ताणलेली आहे ते २०२१ मध्ये दिसलं. त्या ऑगस्टमध्ये सोयाबीनचे दर क्विंटलला दहा हजार रुपयांच्या पार गेले. शेतकऱ्यांच्या आयुष्यातले ते दुर्मीळ दिवस. पण पेंड महागली तशी पोल्ट्रीवाल्यांनी हाक दिली, आणि केंद्राने १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करायला परवानगी दिली. नवं पीक बाजारात येईपर्यंत दर जवळजवळ निम्म्यावर आले होते. लातूरच्या आडतीत बसलेल्या माणसाचं वर्ष, त्याला न दिसणाऱ्या कोंबड्यांच्या ताटाने ठरवलं. २०२४ मध्ये हमीभाव ४८९२ रुपये असताना बाजार त्याच्या खाली रेंगाळत होता, आणि त्यामागच्या कारणांत एक नवंच होतं: मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, ज्याला डीडीजीएस म्हणतात. तोही प्रथिनांचा, पेंडीहून स्वस्त, आणि कोंबड्यांच्या खाद्यात तिची जागा घेऊ लागलेला. पेट्रोलमध्ये काय मिसळायचं याचा दिल्लीतला निर्णय फिरत फिरत औशाच्या आणि अहमदपूरच्या शेतापर्यंत पोहोचला, आणि मधे उभी होती ती चाळीस दिवसांची कोंबडी.

तुळजापूर, लातूर, अहमदपूर, नांदेड, यवतमाळ असा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आता रुंद झाला आहे. याआधी लातूर आणि नांदेड यांच्यात असा सरळ वेगाचा रस्ता नव्हता. ट्रकवाले थांबतील तिथे ढाबे लागतील, ढाब्यांवर आचारी येतील. ते कुणीकडून येतील, त्यावरून सिक्स्टी फाइव्ह अहमदपूर ओलांडून लातुरात शिरते की ढवारा मटण नांदेडच्या बाजूच्या लोह्याकडे सरकतं, हे ठरेल. येत्या दहा वर्षांत त्या रस्त्याने जाणाऱ्याने पाट्या नीट वाचत जावं.