क्लिक झालं म्हणजे लॉक झालं का? स्की टुरिंगचे बूट आणि रिकॉलची भानगड

ज्यांना इअरफोन लावून अख्खा एपिसोड ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी गप्पा तशाच ठेवल्यात.

मी म्युनिकमध्ये सॉफ्टवेअर लिहितो आणि हिवाळ्यातले शनिवार-रविवार आल्प्समध्ये घालवतो, त्यामुळे हा विषय कधीतरी येणारच होता. पण बर्फाशी काही देणंघेणं नसलं तरी ऐका. बूट फक्त निमित्त आहे. दोन विरुद्ध कामं एकाच वस्तूकडून करून घ्यायची ठरवली की ती वस्तू नेमकी कुठे दगा देते, हा खरा विषय.

एकच बूट, दोन नोकऱ्या

आपण सिनेमात पाहतो ते स्कीइंग म्हणजे लिफ्टने वर जायचं आणि घसरत खाली यायचं. स्की टुरिंगमध्ये लिफ्ट नसते. स्कीच्या तळाला एका दिशेने केस असलेली पट्टी चिकटवायची, म्हणजे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. असं दोन-तीन तास चढायचं, वर पट्टी काढायची आणि मग खाली.

आता बुटाचा विचार करा. चढताना घोटा मोकळा हवा, टाच उचलता आली पाहिजे, बूट हलका हवा. उतरताना बरोबर उलट: नडगी पुढे दाबली की तो जोर थेट स्कीपर्यंत पोहोचला पाहिजे, म्हणून बूट दगडासारखा कडक हवा.

वजनाचं महत्त्व कळायला एक अंदाजी हिशोब करू. १,००० मीटर उंची चढायची आहे आणि दर पावलाला साधारण १७ सेंटीमीटर वर जातोय असं धरा. म्हणजे जवळपास ६ हजार पावलं. लिफ्टवाल्यांचा बूट एका पायाला २ किलोच्या आसपास आणि हलका टुरिंग बूट सव्वा किलोच्या आत धरला, तर फरक ८०० ग्रॅम. सहा हजार पावलांत मिळून ४,८०० किलो जास्तीचं ओझं पुढे सरकवलं! म्हणून या धंद्यात ग्रॅम-ग्रॅमसाठी मारामारी चालते.

कडक तरीही हलकं, म्हणून मटेरियल वेगळं. लिफ्टवाल्यांचे बूट बहुतेक पॉलियुरेथेनचे. टुरिंगमध्ये पेबॅक्स किंवा ग्रिलामिडसारखं हलकं प्लॅस्टिक वापरतात. आणि बरं का, पेबॅक्सचा एक प्रकार एरंडेल तेलापासून बनतो. जगात सर्वात जास्त एरंडी भारतात पिकते, त्यातही बहुतांश गुजरातमध्ये. आजीच्या कपाटातलं तेल आल्प्सच्या शिखरावर पोचलं ते असं.

कफ, बिजागरी आणि खटका

बुटाचे मुख्य भाग दोन. खालचा म्हणजे शेल, ज्यात पाऊल बसतं. वरचा म्हणजे कफ, जो नडगीभोवती असतो. दोन्ही घोट्यापाशी बिजागरीने जोडलेले. चढताना कफ पुढे-मागे झुलतो. २०१० च्या सुमाराला आलेल्या डायनाफिटच्या टीएलटी ५ मध्ये हा झोका ६० अंशांपर्यंत गेला, तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली होती.

उतरायच्या वेळी हा झोका बंद करायला मागच्या बाजूला खटका असतो. खटका लावला की एक दांडी किंवा पिन कफला शेलशी जखडते. याला म्हणतात स्की मोड. खटका उघडा म्हणजे वॉक मोड.

आमच्या भाषेत सांगायचं तर ही दोन अवस्थांची स्टेट मशीन आहे. आणि स्टेट मशीनमध्ये धोका तिसऱ्या, न मोजलेल्या अवस्थेचा असतो: खटका लागलेला दिसतोय, पण आतली पिन पूर्ण बसलेली नाही. फटीत बर्फाचा कण अडकला, भाग झिजला किंवा एखाद्या तुकडीत माप किंचित चुकलं की अशी वेळ येते. ४० अंशांच्या कडक बर्फावर वळण घेताना पिन सुटली तर कफ एका क्षणात मोकळा होतो. तुम्ही ज्या भिंतीला रेलून उभे होता, ती भिंतच नाहीशी. अशा उतारावर पडल्यावर थांबणं आपल्या हातात नसतं. रिकॉलच्या नोटिशीत याला दोन शब्दांत ‘पडण्याचा धोका’ म्हणतात.

पिन आणि खोबण

दुसरी नाजूक जागा चवड्याखाली आणि टाचेला असते. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियातल्या टिरोलचा फ्रिट्झ बार्टेल नावाचा अभियंता जड सामान वाहून कंटाळला होता. त्याला प्रश्न पडला, की बूट मुळातच कडक आहे, तर बाइंडिंगला वेगळी पट्टी कशाला? बुटालाच धातूच्या खोबणी बसवू. पुढे दोन बाजूंना दोन, त्यात बाइंडिंगच्या पिना चिमट्यासारख्या बसतील. मागे टाचेला एक, त्यात आणखी दोन पिना. डायनाफिटने ही कल्पना बाजारात आणली आणि पेटंटची मुदत संपल्यावर बाकीच्या कंपन्याही आल्या.

इथे लक्षात घ्या, त्या छोट्या खोबणीवर तुमचं अख्खं वजन असतं. शिवाय तिला दोन उलट कामं करायची असतात: नेहमी घट्ट धरायचं, आणि गुडघा पिरगळायच्या बेताला आला की वेळेवर सोडायचं. खोबण झिजली, सैल झाली किंवा तिच्यात बर्फ साचला तर पाय नको तेव्हा सुटेल, नाहीतर हवा तेव्हा सुटणार नाही. म्हणून जाणते लोक पुढच्या पिना लावल्यावर टाच दोन-चार वेळा वर-खाली हलवतात, आतला बर्फ निघावा म्हणून.

टुरिंग बुटाच्या तळव्यासाठी आयएसओ ९५२३ हे मानक आहे. पण या खोबणींची मापं बराच काळ त्या मानकाच्या बाहेर होती. म्हणजे इंटरफेस सगळे वापरत होते, पण त्याचं स्पेसिफिकेशन सगळ्यांनी मिळून लिहिलेलं नव्हतं. सॉफ्टवेअरवाल्यांना पुढे काय होतं हे सांगायला नको. खोबणीच्या दोषांवरून बूट परत बोलावण्याची वेळही कंपन्यांवर आलेली आहे.

जेव्हा बूट स्वतःच ठरवतो

आता या एपिसोडमधली माझी आवडती केस. इटलीच्या स्कार्पा कंपनीने २०१० च्या दशकाच्या मध्यात एफ वन इव्हो नावाचा बूट काढला. त्यात ट्रॉनिक नावाची युक्ती होती: खटकाच नाही. टाच बाइंडिंगच्या मागच्या पिनांवर बसली की त्या दाबाने कफ आपोआप लॉक होणार, टाच सुटली की आपोआप मोकळा. गारठलेल्या बोटांनी खटका शोधायची कटकट संपली. ऐकायला भारी ना?

या यंत्रणेवरूनच कंपनीला बूट परत बोलवावे लागले. नंतर त्याच बुटाची ‘मॅन्युअल’ आवृत्ती आली, हाताने लॉक करायची.

माझा यावरचा विचार एका इंजिनिअरचा आहे, तो तसाच घ्या. आपोआप होण्यात मुळात वाईट काही नाही. पण इथे बुटाच्या सुरक्षिततेची किल्ली दुसऱ्याच वस्तूच्या हातात गेली, म्हणजे बाइंडिंगच्या. ते बाइंडिंग दुसऱ्या कंपनीचं असू शकतं, जुनं असू शकतं, बर्फाने माखलेलं असू शकतं. आपलं सर्वात महत्त्वाचं फंक्शन दुसऱ्याच्या एपीआयवर सोडायचं आणि उत्तर चुकीचं आलं तर काय, याची सोय ठेवायची नाही, अशातला प्रकार. शिवाय हाताने खटका लावताना ‘मी लॉक केलं’ हे निदान माणसाला माहीत असतं. आपोआपच्या सोयीत ही खातरजमा करायची सवयच सुटते.

याच्या उलट उदाहरण डायनाफिटच्या होजी बुटाचं. त्यातही एकाच हालचालीत सगळं होतं, पण ती हालचाल माणूस करतो. मागचा एक खटका खाली ओढला की कफ लॉक आणि वरचा भाग घट्ट. ही रचना एरिक योर्लेफसन या कॅनेडियन स्कीअरची आणि आपल्या वरच्या बार्टेलचीच.

हाच रोग बीकनलाही

मोड नकळत बदलण्याचा प्रश्न बुटापुरता नाही. हिमस्खलनात गाडलं गेल्यावर शोधायला ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा बीकन छातीवर बांधतात. तो ‘सेंड’वर असला तरच मित्रांना तुमचा सिग्नल मिळतो. पीप्स कंपनीच्या डीएसपी मालिकेतल्या बीकनचं सरकतं बटण सेंडवरून हलू शकतं, अशा तक्रारी होत्या. २०२० मध्ये कॅनडातल्या एका नावाजलेल्या स्कीअरच्या बाबतीत हेच घडलं. तो गाडला गेला आणि सोबत्यांना त्याचा सिग्नलच मिळाला नाही. लांब काठ्या बर्फात खुपसून त्यांनी त्याला शोधलं आणि तो वाचला. त्याने आणि मित्रांनी हे जाहीरपणे मांडल्यावर बराच गदारोळ झाला. २०२१ मध्ये रिकॉल निघालं आणि बटण झाकणारं कडक कव्हर मोफत मिळू लागलं.

रिकॉलची नोटीस कशी वाचायची

अमेरिकेत हे काम सीपीएससी ही सरकारी संस्था बघते. वस्तूत मोठा धोका निर्माण करणारा दोष असल्याची माहिती हाती आली की कंपनीने २४ तासांत कळवायचं, असा नियम आहे. रिकॉल झालेली वस्तू विकणंही तिथे बेकायदा. युरोपात सेफ्टी गेट नावाची यंत्रणा आहे; तिथे दर आठवड्याला यादी येते.

नोटीस एका पानाची असते. मी चार गोष्टी बघतो:

१. धोका काय आणि तो कोणत्या भागामुळे.
२. मॉडेल, साल, सिरीयल नंबर. रिकॉल बहुतेकदा ठराविक तुकडीचं असतं, अख्ख्या ब्रँडचं नाही.
३. किती घटना, किती जखमी. इथे शून्य असलं तरी हलक्यात घेऊ नका. कुणी पडायच्या आधी रिकॉल निघालं, तर ते यंत्रणेचं यश आहे.
४. उपाय काय: दुरुस्ती, बदली की पैसे परत.

आणि कंपनीने रिकॉल काढलं म्हणजे ती वाईट, हा समज डोक्यातून काढा. दोष सगळ्यांच्याच मालात निघतात. प्रश्न असतो की त्या कंपनीने किती दिवसांत, किती स्पष्ट सांगितलं.

मग जुने बूट घ्यायचे का?

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका श्रोत्याने विचारलं होतं, "दादा, गुलमर्गला जायचंय. ऑनलाइन सेकंडहँड टुरिंग बूट अर्ध्या किमतीत मिळतायत. घेऊ का?" बूट आल्प्समध्ये विकला गेला, मग तीन हातांतून फिरत तुमच्याकडे आला, तर रिकॉलचा ईमेल पहिल्या मालकाच्या इनबॉक्समध्ये पडून राहतो. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय प्राधिकरणाला वस्तू परत बोलावण्याचा आदेश द्यायचा अधिकार आहे. पण परदेशातून कुणाच्या बॅगेत आलेल्या बुटांपर्यंत ते कसं पोचणार? ती तपासणी तुम्हालाच करायची आहे.

तेव्हा पैसे देण्याआधी मॉडेल आणि साल टाकून सीपीएससीच्या साइटवर शोधा. दुरुस्ती झाल्याचं विक्रेता म्हणत असेल तर पावती मागा. मोबाइलच्या टॉर्चने खोबणी बघा: कडा गोल झिजल्यात का, धातू हलतोय का, भोवतीच्या प्लॅस्टिकला तडा आहे का. खटका वीस वेळा उघड-बंद करा आणि लॉक असताना कफ दोन्ही हातांनी पुढे-मागे जोरात ढकला. खटखट आवाज किंवा जाणवेल इतकी ढिलाई असली, तर सरळ नाही म्हणा. बूट भाड्याने घेत असाल तरी दुकानातच हे करा. पाच मिनिटं लागतात. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

डोंगरावर माझा स्वतःचा नियम एकच: खटका लावल्यावर, निघायच्या आधी, दोन्ही पायांवर पुढे आणि मग मागे पूर्ण वजन टाकून बघायचं. ‘क्लिक’ आवाज कानाला येतो, पण लॉक झालंय का हे नडगीलाच कळतं.

पुढच्या एपिसोडमध्ये हेल्मेटबद्दल, म्हणजे दुचाकीवाल्यांनो, तुमची पाळी. तुमच्या वस्तूचं कधी रिकॉल निघालं असेल, मोबाइल असो, गाडी असो की प्रेशर कुकर, तर व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या किस्स्यांचा वेगळा एपिसोड करू. तोवर ऐकत राहा, आणि खटके तपासत राहा!