निसर्गविषयक ग्रंथांचे वाचन : एक पुरावा म्हणून

प्रस्तावना

मराठीत निसर्ग आणि वन्यजीव यांविषयीच्या लेखनाची परंपरा समृद्ध आहे. दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६), व्यंकटेश माडगूळकर यांचे ‘नागझिरा’ (१९७९), मारुती चितमपल्ली यांचे ‘रानवाटा’ आणि ‘पक्षिकोश’ हे ग्रंथ वाचकांच्या परिचयाचे आहेत. मात्र महाविद्यालयीन पातळीवर यांपैकी बहुतेक पुस्तके ललित गद्य म्हणूनच वाचली जातात. शैली, प्रतिमा व भाषासौंदर्य यांची चर्चा होते आणि ती योग्यच आहे. परंतु कोणत्या वर्षी, कोणत्या ठिकाणी, कोणते प्राणी व पक्षी किती सहजपणे दिसत होते, याचीही साक्ष ही पुस्तके देतात. प्रस्तुत लेखात निसर्गग्रंथांच्या या दुर्लक्षित मूल्याचा विचार केला आहे.

विस्मरणाचा प्रश्न

मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ साली एक महत्त्वाची संकल्पना मांडली. मराठीत तिला ‘सरकती आधाररेषा’ म्हणता येईल. प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या काळात पाहिलेली निसर्गस्थिती हीच मूळ स्थिती समजते आणि पुढील ऱ्हास त्या तुलनेत मोजते. त्यापूर्वीचा ऱ्हास हिशेबातून गळतो. पॉली यांचे विवेचन मासेमारीसंबंधी असले, तरी ते जंगलाला आणि माळरानालाही लागू पडते.

गिधाडांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. डॉ. सलीम अली यांचा भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध ग्रंथ १९४१ मध्ये प्रकाशित झाला, तेव्हा पांढऱ्या पाठीचे गिधाड हा सर्वत्र आढळणारा पक्षी होता. गावाबाहेर ढोर टाकले की गिधाडे उतरत, हे सांगण्यात कोणालाही नवल वाटत नसे. १९९० च्या दशकात त्यांची संख्या झपाट्याने घसरली आणि १९९२ ते २००७ या काळात या जातीची घट ९९ टक्क्यांहून अधिक झाली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या शरीरात जाते व त्यांचे मूत्रपिंड निकामी करते, हे २००४ मध्ये स्पष्ट झाले. २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. आज विशीत असलेल्या विद्यार्थ्याला गिधाडांनी भरलेले आकाश पुस्तकातूनच कळू शकते.

शब्दांची पारख

जुना ग्रंथ पुरावा म्हणून वापरताना त्यातील शब्दांची पारख करावी लागते. ‘चित्ता’ हा शब्द पाहावा. मराठी बोलीत आणि वृत्तपत्रांतही तो अनेकदा बिबट्यासाठी वापरलेला आढळतो. हे दोन प्राणी मुळातच भिन्न आहेत. चित्ता मोकळ्या मैदानात धावून शिकार करतो, तर बिबट्या झाडीचा आडोसा घेतो. त्यामुळे जुन्या शिकारकथेत घनदाट रानात झाडावर दबा धरून बसलेला ‘चित्ता’ आला, तर तो बहुधा बिबट्या समजावा. उलट काळविटांच्या कळपामागे सोडलेला चित्ता हा खरोखरच चित्ता असतो. कोल्हापूर संस्थानात अशा शिकारीसाठी चित्ते पाळले जात आणि देशात ते मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतून मागविले जात. दिव्यभानूसिंह यांनी बादशाही आठवणी, संस्थानी नोंदी व शिकारवृत्ते यांतून भारतीय चित्त्याचा इतिहास उभा केला. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातून १९५२ मध्ये नामशेष घोषित झालेला हा प्राणी २०२२ मध्ये नामिबियातून कुनोत आणला गेला. तो पूर्वी कोठे राहत होता, हे ठरविताना अशी जुनी कागदपत्रेच साक्षीला येतात.

शिकारवृत्तांत अतिशयोक्ती असते, हा आक्षेप खरा आहे. परंतु शिकारी फुशारकी मारतो ती स्वतःच्या धैर्याविषयी. रस्त्याची, पाणवठ्याची, हंगामाची माहिती तो सहज देऊन जातो आणि अभ्यासकाला हवी असते ती तीच.

वाङ्मयप्रकाराचे भानही आवश्यक आहे. माडगूळकरांची ‘सत्तांतर’ (१९८२) ही वानरांच्या टोळ्यांतील सत्तासंघर्षावरील कादंबरी आहे. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकात धारवाडजवळ केलेल्या वानरांच्या निरीक्षणांशी ती ताडून पाहणे उद्बोधक ठरेल. तथापि तिला क्षेत्रीय नोंदवहीचा दर्जा देता येणार नाही. ‘नागझिरा’ची गोष्ट वेगळी आहे. ते प्रत्यक्ष वास्तव्यातून लिहिलेले पुस्तक आहे. मात्र तेव्हा नागझिरा भंडारा जिल्ह्यात होते, गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये झाला आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये, ही माहिती वाचकाने हाताशी ठेवावी.

नावात दडलेला अधिवास

चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी वनखात्यातील प्रदीर्घ सेवेत आदिवासी आणि अन्य वननिवासी जाणकारांकडून नावे व निरीक्षणे गोळा केली. पक्ष्याच्या लोकनामात बरेचदा त्याचा स्वभाव सामावलेला असतो. तांबटाचा आवाज भांडे ठोकल्यासारखा येतो, तर पावशा पावसाच्या तोंडावर ओरडतो. ‘माळढोक’ या नावात तर त्या पक्ष्याचे घरच सांगितलेले आहे. तो माळाचा पक्षी आहे, जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो आणि त्याला दूरवर नजर पोहोचेल असे उघडे गवताळ रान लागते.

महसुली दप्तरात असे माळ ‘पडीक’ ठरले. पडीक जमीन म्हटली की कोणी तिच्यावर नांगर फिरवावा, कोणी झाडे लावावीत. आणि झाडे लावणे हे सर्वत्र पुण्यकर्मच मानले जाते. माळढोकाच्या दृष्टीने मात्र ती झाडी म्हणजे घरावर आलेली टाच होती. सोलापूरजवळ नान्नज परिसरात १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य घोषित झाले, तरी तेथे तो आता क्वचितच दिसतो. जगभरातील त्याची संख्या दीडशेहून कमी उरली आहे. माळ म्हणजे ओसाड जमीन नव्हे, हे लोकभाषेने या नावातच सांगून ठेवले होते. नियोजनकर्त्यांनी ते वाचले नाही.

ग्रंथालयांचा येथे थेट संबंध येतो. नवी आवृत्ती आली की जुनी प्रत निर्लेखित करण्याची पद्धत सर्रास आढळते. गणित वा कायद्याच्या पाठ्यपुस्तकाबाबत ती समजण्याजोगी आहे. पक्षिविषयक मार्गदर्शिकेबाबत मात्र एखादी जाती ‘सर्वत्र’ या शेऱ्यावरून ‘दुर्मीळ’ या शेऱ्यापर्यंत केव्हा पोहोचली, हे दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्यावरच कळते. म्हणून जुन्या प्रतीवर प्रकाशनवर्षाची चिठ्ठी लावून ती संदर्भविभागात ठेवावी.