तानसेकाठची राखाडी वीट

पारोळहून भाताण्याकडे निघालं की टॉवरांची गर्दी मागे पडते आणि तानसा नदीच्या आसपास वीटभट्ट्या दिसू लागतात. वसईला आलेल्या पाहुण्याला आपण किल्ला दाखवतो, १७३९ ची लढाई ऐकवतो. फारच उत्साही पाहुणा असला तर सोपाऱ्याला नेतो. तिथला बुरूड राजाचा कोट म्हणजे विटांचा स्तूपच. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली तो उकरला. ज्या भट्ट्यांवर आजची वसई-विरार बांधली गेली, तिकडे मात्र कुणी कुणाला नेत नाही.

एक कातकरी काका उकिडवे बसून वीट थापत होते. साच्यात आतून राख भुरभुरवायची, चिखलाचा गोळा दाणकन आपटायचा, वरचा जादा चिखल हाताने निपटून साचा उलटा करायचा. कोपरे असे धारदार, की बघत राहावं. चिखलातही राख असतेच. ‘नुसती माती तडकते. राख घातली की वीट सरळ राहते,’ काका म्हणाले. मजुरीचा हिशेब हजार विटांवर, बयाना आधीच घेऊन खर्च झालेला.

ही राख औष्णिक वीज केंद्रांतली. अशा केंद्राच्या ५० किलोमीटर परिघातल्या विटांत ती मिसळावी, असं केंद्र सरकारने १९९९ मध्ये ठरवलं. २००३ मध्ये परीघ १०० किलोमीटर झाला. डहाणूचं ५०० मेगावॅटचं केंद्र विरारपासून जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटरवर. भट्टीच्या मालकांना विचारलं, राख कुठली? ‘ट्रकची,’ म्हणाले.

राख मिसळल्याने सुपीक माती वाचते, हे खरंच. पण आपल्याकडच्या कोळशात ३० ते ४० टक्के राख असते. कोळशातलं किंचितसं आर्सेनिक, शिसं, क्रोमियम कोळशाबरोबर जळून संपत नाही. त्यातलं बरंचसं राखेत दाट होऊन उरतं. भाजलेल्या विटेत ते बऱ्याच अंशी अडकून पडतं. उघड्या ढिगातून मात्र पावसाचं पाणी थोडंथोडं झिरपवून नेतं.

डहाणूकर तिथल्या वीज केंद्राविरुद्ध कोर्टात गेले. १९९१ ला तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पर्यावरण संरक्षणासाठी प्राधिकरण आलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. चिकूच्या वाड्यांना निदान दाद मागायला एक दार मिळालं. इथे राखेच्या ढिगावर एक फाटकी ताडपत्री होती, तीही अर्ध्यावर. ढिगापासून नदीकडे जाणारी चर कोरडी होती, पण तिच्या तळाशी राखाडी साय धरलेली.

पावसाच्या तोंडावर भट्टी थंडावते, माणसं पाड्यावर परततात. ढीग जागीच राहतो. तो नदीपासून हलवा, असं सांगायला कुणी सरकारी माणूस येतो का?

‘येतात ना,’ मालक म्हणाले, ‘मातीच्या रॉयल्टीची पावती बघायला.’