सर अर्स्किन पेरी
मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजांतील ‘पेरी प्राध्यापक’ हें पद वकिलांच्या घरीं परिचयाचें आहे. पण हे पेरी कोण, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

थॉमस अर्स्किन पेरी यांचा जन्म १८०६ सालचा. वडील लंडनच्या ‘मॉर्निंग क्रॉनिकल’ पत्राचे मालक. केंब्रिजला शिकून पेरी बॅरिस्टर झाले. परंतु १८४० सालीं एक पेढी बुडाली व तींत त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग गेला. निरुपायानें नोकरी शोधावी लागली, आणि १८४१ सालीं ते मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले. हें कोर्ट प्रामुख्यानें मुंबई बेटापुरतें. खाडीपलीकडे, साष्टींतील मनोरीसारख्या गांवांचे दावे कंपनीच्या अदालतींत जात.

१८४७ सालीं पेरी सरन्यायाधीश झाले. त्याच वर्षीं त्यांजपुढें खोजा व कच्छी मेमन कुटुंबांतील मुलींचे दावे आले. कुराणाप्रमाणें बापाच्या मिळकतींत आपला हिस्सा आहे, असें त्यांचें म्हणणें. मुलींस वारसा न देण्याची जुनी चाल पुराव्यानें सिद्ध झाली, आणि पेरींनीं ग्रंथाहून रूढी प्रमाण मानली. हा निकाल पुढें फार गाजला. मुली मात्र रिक्तहस्त परतल्या, हेंही सांगितलें पाहिजे.

सुमारें दहा वर्षें ते बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष होते. तेथें त्यांची व नाना शंकरशेट यांची चांगलीच जुंपली. शिक्षण इंग्रजींतून, हा पेरींचा आग्रह. लोकांना त्यांच्याच भाषेंत शिकवा, असें नाना, फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहीम मकबा आणि इंग्रज असूनही कर्नल जर्व्हिस म्हणत. आमच्या मतें नानांचीच दृष्टि अधिक दूरची होती. विद्यालयांतून मागणी असती, तर मराठींत शास्त्रीय ग्रंथ कितीतरी लवकर झाले असते.

एवढा मतभेद असूनही, १८५२ सालीं पेरी निवृत्त झाले तेव्हां मुंबईंत त्यांच्या सन्मानार्थ ५,००० पौंड, म्हणजे त्या काळच्या हिशेबानें सुमारें ५०,००० रुपये, जमले. ज्यांची पुंजी पेढींत बुडाली होती त्यांस थैलीचा मोह पडता तर नवल नव्हतें. पेरींनीं त्या पैशांतून कायद्याचें प्राध्यापकपद निर्माण करविलें. १८५५ सालीं एल्फिन्स्टन संस्थेंत कायद्याचे वर्ग सुरू झाले. त्यांतूनच हें कॉलेज वाढलें. बॅरिस्टर होण्यास विलायत गांठावी लागे, आणि तो खर्च कितीजणांस झेपणार? १९३५ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर या कॉलेजाचे प्राचार्य झाले. पेरी प्राध्यापकपदही त्यांजकडे होतें.

स्वदेशीं परतल्यावर पेरी पार्लमेंटांत निवडून आले. इंग्लंडांत तेव्हां लग्न होतांच बायकोची रोकड, दागिने व कमाई नवऱ्याची होई. आपल्याकडील स्त्रीधनासारखी सोय तेथील सामान्य कायद्यांत नव्हती. १८५७ सालीं विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचें बिल पेरींनीं आणलें. मुंबईंत रूढीपुढें मुलींचा दावा नाकारणारे तेच हे गृहस्थ! न्यायाधीशास असलेला कायदा लावावा लागतो, सभासदास नवा मागतां येतो. एवढाच कदाचित् त्याचा अर्थ असेल. बिल बारगळलें. तो हक्क व्यापकपणें देणारा कायदा १८८२ च्या ऑगस्टांत झाला. पेरी त्याच वर्षीं एप्रिलांत वारले होते.