गंजाचे मूळ मिठात

दुसऱ्या महायुद्धानंतर जगभरच्या लष्करी गोदामांतल्या जुन्या रायफली अमेरिकेच्या बाजारात स्वस्तात विकायला आल्या. त्यांत रशियन मोसिन-नागां, ब्रिटिश ली-एनफिल्ड आणि जर्मन माउझर होत्या. पुढे आपल्या इशापूरच्या कारखान्यातल्या रायफलीही तिकडे पोचल्या. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीवर बंदी आहे. अमेरिकेत मात्र परवाना काढून हरणाची शिकार करता येते, आणि अशी जुनी रायफल घरी दुरुस्त करून वापरणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. या दुरुस्तीत हातोडी-कानशीपेक्षा रसायनशास्त्राचे काम जास्त असते.

रायफल हाती आली की आधी नळी तपासायची. अनेक जुन्या नळ्या आतून गंजाने खडबडीत झालेल्या असतात. धूर न करणाऱ्या दारूतून उरलेले आम्ल हा गंज आणते, असे बराच काळ मानले जाई. नळी पुसून तेल लावले तरी काही दिवसांत गंज पुन्हा दिसे, याचे उत्तर मात्र मिळत नव्हते. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्समधील विल्बर्ट हफ यांनी १९२२मध्ये ते दिले. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळाले की पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे खाण्याच्या मिठाचेच भावंड, नळीत साचते. हे मीठ दमट हवेतली ओल धरून ठेवते आणि पोलाद खात राहते. खनिज तेलात ते विरघळत नाही, त्यामुळे तेलाच्या थराखालीही गंज चढतच राहतो.

पाण्यात मात्र ते सहज विरघळते. ब्रिटिश सैनिक गोळीबारानंतर नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओतत, त्यामागचे कारण हेच. गरम पाणी मीठ धुऊन नेते, तापलेली नळी लगेच सुकते, मग तेल. जुनी लष्करी काडतुसे वापरणाऱ्याने हा क्रम आजही पाळायला हवा.

बाहेरच्या लाल गंजावरचा उपायही पाण्याचाच आहे. तो भाग ऊर्ध्वपातित पाण्यात उकळला की लाल गंजाचे मॅग्नेटाइट या काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. मऊ स्टीलवुलने सैल काजळी झाडली की पोलादावर घट्ट काळा थर राहतो. सॅंडपेपरने घासले तर गंजाबरोबर मूळचा निळसर-काळा मुलामा आणि कारखान्याचे शिक्केही जातात.

लाकडी दस्त्यातले खळगे ओले फडके ठेवून गरम इस्त्रीने फुगवता येतात, कारण वाफेने दबलेल्या पेशी पुन्हा उभारी धरतात. त्यावर जवसाचे तेल चोळले की ते हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होते. या क्रियेत उष्णता निर्माण होते, म्हणून तेलाची फडकी गोळा करून ठेवू नयेत. ती आपोआप पेट घेऊ शकतात.

मात्र सगळेच दुरुस्त होत नाही. अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड १९०३ रायफलीच्या सुरुवातीच्या उत्पादनात तापलेल्या पोलादाचा रंग कामगार डोळ्यांनी पाहून ठरवत. भर उन्हाच्या उजेडात पोलाद होते त्याहून थंड भासे आणि ते जास्त तापवले जाई. असे ‘जळलेले’ पोलाद ठिसूळ होते. १९१७मध्ये रायफली फुटल्यावर पद्धत बदलण्यात आली, पण स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,०००पेक्षा कमी क्रमांकाच्या रायफली आजही धोक्याच्या मानतात. जळलेल्या पोलादाला पुन्हा उष्णता देऊन मूळची ताकद येत नाही.

नळीचे तोंड मागून बंद करणाऱ्या बोल्टपासून काडतूस पुढे जिथे अडते तिथपर्यंतचे अंतर, म्हणजे ‘हेडस्पेस’, गेजने मोजून घेणेही तितकेच महत्त्वाचे. ते वाढले असेल तर काडतुसाचे पितळ फाटून गरम वायू नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येऊ शकतात. ली-एनफिल्ड क्रमांक ४ साठी यावर बोल्टहेडचे वेगवेगळे आकार बनवले गेले होते. तेव्हा जुनी रायफल विकत घेणाऱ्याने पॉलिशचा डबा उघडण्याआधी जाणत्या कारागिराकडून ही मोजणी करून घ्यावी, मग मीठ धुवावे आणि लाकडाची चमक सर्वांत शेवटी बघावी.